तुम्ही रातपाळीला जा, पोटाला दिवसपाळीतच ठेवा: शिफ्टवाल्यांनी जेवणाच्या वेळा कशा लावायच्या

रातपाळीवाल्याचं पोट बिघडलं की पुढे काय होतं ते आता मला पाठ झालंय. आधी मेडिकलवरून गोळी, ती संपली की कोणीतरी सांगितलेला ओवा आणि काळं मीठ, मग तिखट बंद, मग नुसता वरण-भात, आणि एवढं करून पहाटे चारला छातीत जळजळ आहे ती आहेच. मग "आपल्याला नाईट सूट नाही होत भो" म्हणून विषय संपला. जळगाव एमआयडीसीत चटईच्या मशिनवर असताना मीही बरीच वर्षं हेच केलं. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट, आणि खिशात कायम गोळ्यांची पट्टी.

चूक कुठे होते तर सगळे "काय खाऊ" इथून सुरुवात करतात. सुरुवात "केव्हा खाऊ" इथून करायची. डोक्यातलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं पण आतडी, लिव्हर, स्वादुपिंड यांचीही आपापली घड्याळं असतात आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. रात्री जठर सावकाश रिकामं होतं, मोठं आतडं जवळजवळ झोपलेलं असतं, इन्सुलिनचं काम ढिलं पडतं, आणि जठरातलं आम्ल मात्र रात्री दहा ते दोनच्या सुमाराला उलट जास्तच तयार होतं. अशा वेळी तुम्ही तीन भाकऱ्या आणि शेवभाजी आत टाकली तर ती सकाळपर्यंत तिथेच बसणार ना. आठवड्या-पंधरवड्याला बदलणाऱ्या पाळीत शरीर पूर्ण उलटं फिरतच नाही, फिरायच्या आत पाळी बदलते. म्हणून पोटाला रातपाळीची सवय लावायच्या नादी लागायचं नाही, मोठी जेवणं दिवसा आणि संध्याकाळी, रात्री नावापुरतं. खालचं सगळं याच्यावरच आहे, आणि क्रम मोडू नका.

आधी हे बघा

काही त्रास वेळापत्रकाने सुटणारे नसतात. संडास डांबरासारखी काळी होणं किंवा रक्त पडणं (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर काळी होते, ते डॉक्टरांना सांगा), रक्ताची उलटी, घास अडकणं, न ठरवता वजन उतरणं, गाढ झोपेतून उठवणारं पोटाचं दुखणं, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यातलं एकही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

आणि छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, धाप, हे "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन काढायचं नाही. रात्री दोनला सुपरवायझर म्हणेल झोप जरा पडून, नाही झोपायचं. 108 ला फोन.

1. सात दिवस नुसतं लिहा

कंटाळवाणं आहे, पण हे केलं नाही तर बाकी अंदाजपंचे होतं. शंभर पानी वही, रोज पाच गोष्टी: झोप किती ते किती, प्रत्येक खाणं किती वाजता (काय ते दोन शब्दांत), चहा किती वाजता, तंबाखू-गुटखा-बिडी केव्हा, आणि पोटाने काय केलं म्हणजे जळजळ, गुबारा, करपट ढेकर, संडास झाली की नाही. या सात दिवसांत काहीच बदलायचं नाही. लोक वही हातात आली की लगेच शहाण्यासारखं खायला लागतात, मग वहीत खोटंच उतरतं.

माझ्या वहीत चोवीस तासांत नऊ वेळा खाणं निघालं आणि सात चहा. मी तोंडाने सगळ्यांना सांगत होतो की दोनदाच जेवतो.

तपासा: सात दिवसांनी रात्री बारा ते सहामधल्या खाण्याला लाल पेनने गोल करा. जळजळीच्या नोंदी त्या गोलानंतर दोन-चार तासांत येतात का बघा. बहुतेकांच्या येतात.

2. झोपेची जागा आधी पक्की करा

जेवणाच्या लेखात झोप कशाला असं वाटेल, पण झोपेची वेळ हलली की जेवण हलतंच. अकरा ते सातची नाईट असेल तर साधारण पावणेनऊ ते अडीच हा पट्टा आखा. सुटल्यावर घरी येताना उन्हात डोळ्यांवर गॉगल आणि डोक्याला रुमाल, म्हणजे मेंदूला "सकाळ झाली" हा निरोप कमी जातो. खोलीत अंधार पाहिजे, जुनी गोधडी खिडकीला ठोकली तरी चालतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत बारानंतर झोप लागणं अवघडच. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर नुसता दमटपणा होतो. नसेल तर खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची खोली मागून घ्या, भांडण झालं तरी चालेल.

मोबाइल सायलेंट. आणि घरच्यांना एकदाच नीट सांगा की दुपारी बाराला "जेवून घे आणि परत झोप" असं उठवायचं नाही. ही प्रेमाने होणारी चूक आहे आणि खानदेशात तर घरोघरी होते.

3. मुख्य जेवण ड्युटीच्या आधी

नाईटला जाताना लोक काय करतात, सातला चहा-टोस्ट खातात, डबा भरून घेतात आणि रात्री दीडला गोल करून बसतात. याच्या बरोबर उलट करायचं. अकराची ड्युटी असेल तर साडेसात-आठला घरी पोटभर जेवा. आठ ते आठची बारा तासांची असेल तर साडेसहा-सातला. जेवण आणि ड्युटी यात तास-दीड तास मोकळा राहील असं बघा, कारण भरल्या पोटी वाकून रोल उचलले की आंबट पाणी वर येतंच.

काय खायचं? जे घरात होतं तेच. दादरची (ही आमच्या खानदेशातली रब्बी ज्वारी) भाकरी, भाजी, वरण, ताक. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती जड, ज्याला गुबारा धरतो त्याने नाईटच्या आठवड्यात अर्धीच घ्यावी. वरण-बट्टी आणि तुपाची धार हे फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातलं जेवण आहे, नाईटच्या आधीचं नाही, तेल-तुपाने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. शेवभाजीचंही तेच, तर्री वरून काढून टाका म्हणणार होतो पण मग ती शेवभाजी कसली, त्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात खा.

ठेचा मिरचीमुळे सगळ्यांनाच बाधतो असं काही नाही. वही बघा. ठेचा खाल्लेल्या दिवशी आणि न खाल्लेल्या दिवशी फरक नसेल तर उगाच सोडू नका.

4. रात्रीचा डबा छोटा करा, आणि लवकर उघडा

इथे सगळे घसरतात म्हणून जरा थांबून सांगतो. रात्री काहीच न खाणं प्रत्येकाला जमत नाही, अंगमेहनतीचं काम असेल तर चक्कर येते. तेव्हा नियम असा: खायचं तर साडेबाराच्या आत, मुठीत मावेल एवढं. एक केळं (रावेर-यावलच्या माणसाला केळं घे म्हणून सांगायला मला जरा विचित्रच वाटतं, पण डब्यात तेच नसतं), किंवा मूठभर फुटाणे, किंवा मुगाच्या डाळीची पातळ खिचडी एक वाटी, किंवा अर्धी भाकरी आणि दुधी-दोडक्याची भाजी. दही नेऊ नका, मशिनजवळच्या गरमीत दोन तासांत आंबतं.

एकदम बंद करू नका. पहिले तीन दिवस नेहमीचा डबा पण अर्धा, नंतरचे तीन दिवस पाव, मग वर सांगितलं तेवढं. एकदम बंद केलं की चौथ्या रात्री तीनला गेटबाहेरच्या गाडीवर भजी-पाव खाल्ला जातो आणि वर "डायट जमत नाही" म्हणून शेरा. पहिल्या चार-पाच रात्री दोनच्या सुमाराला भूक लागल्यासारखं होईल. बरीचशी ती सवय असते किंवा कंटाळा. आधी पाणी प्या, दहा मिनिटं मशिनभोवती चालून या, तरी गेली नाही तर पाच-सहा फुटाणे.

रूममध्ये सगळे एकत्र डबे उघडतात आणि तुम्ही केळं घेऊन बसलात की चेष्टा होणार. मी सरळ सांगायचो की दोन घास चव घेतो, आणि दोनच घ्यायचो. त्यांना सोडून वेगळं बसू नका, रातपाळीत तेवढीच माणसं असतात बोलायला.

थांबा: शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा टप्पा स्वतःच्या मनाने करायचा नाही. रात्रीचं खाणं कमी केलं आणि डोस तोच राहिला तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, पाळीच्या वेळा त्यांना लिहून दाखवा आणि नाईटच्या आठवड्याचा डोस वेगळा आहे का ते विचारा. गरोदर बाईनेही तसंच, विचारूनच.

पाण्याबद्दल एक. मशिन सोडून जायला रिलीव्हर नसतो म्हणून खूप जण, आणि नर्सिंगवाल्या बाया तर हमखास, रात्री पाणीच पीत नाहीत. मग संडास खडा होते आणि दोष भाकरीला. बाटली जवळ ठेवा, दर तासाला चार घोट. एकदम लिटरभर पिऊन पोट तडस लावण्यापेक्षा हे बरं.

5. चहाची शेवटची वेळ

चहातलं कॅफीन अंगातून अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात. पावणेनऊला झोपायचं तर शेवटचा चहा तीनच्या आत. पहाटे साडेपाचचा "झोप उडवायचा" चहाच तुमची सकाळची झोप खातो, आणि रिकाम्या पोटी तो जळजळही वाढवतो. ड्युटीच्या पहिल्या अर्ध्यात दोन कप घ्या, बाकी वेळी गरम पाणी किंवा लिंबू नसलेला गवती चहा, पत्ती न घालता. पहाटे चार ते सहा डोळे मिटायला लागले तर तोंडावर पाणी, उजेडात उभं राहणं.

तंबाखू आणि बिडीचं वेगळं काय सांगू. निकोटीनने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, आम्ल वर येतं. झोप घालवायला म्हणून रात्री पुड्या दुप्पट होतात, वहीत मोजा म्हणजे दिसेल.

6. सुटल्यावर: उपाशी नाही, तुडुंबही नाही

सकाळी सातला गेटवरून सुटलेली गर्दी दोन प्रकारची. एक टपरीवर कचोरी, पोहे-तर्री, जिलेबी हाणून घरी जाऊन लगेच आडवी होते. दुसरी काहीच न खाता झोपते आणि अकराला भुकेने जागी होते. दोन्ही चूक.

घरी जाऊन हातपाय धुऊन थोडं खा: एक भाकरी दुधात कुस्करून, किंवा दोन इडल्या, किंवा वाटीभर उपमा. दूध बाधत असेल तर भाकरी आणि मुगाचं वरण. मग लगेच आडवं नाही, तास-पाऊण तास आंघोळ, पोरांना शाळेत सोडणं, पेपर. खरं तर मोठं जेवण आणि झोप यात दोन-तीन तास पाहिजेत, पण तेवढा वेळ नसतो म्हणूनच हे खाणं लहान ठेवायचं.

आंबट पाणी वर येणाऱ्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकावर एक अशा दोन-दोन विटा द्या. साधारण सहा-आठ इंच उंची हवी. दोन-तीन उशा घेतल्याने पोट दुमडतं, जळजळ वाढते, म्हणून उशा नाही, विटा. आणि डाव्या कुशीवर झोपा.

7. उठल्यावर पोट साफ

नाईटवाल्याची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे "साफ होत नाही". जेवल्यावर आणि झोपेतून उठल्यावर मोठं आतडं हलतं, हे दोन धक्के एकत्र आणायचे. अडीचला उठलात की कोमट पाणी, अर्ध्या तासात जेवण, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांत संडासला बसायचं, लागो न लागो. पायाखाली छोटा पाट घ्या कमोड असेल तर. दहा मिनिटांवर बसू नका, मोबाइल बाहेर. रोज त्याच वेळी. साधारण दोन आठवडे लागतात लाइनवर यायला.

नाईटच्या आठवड्यात सकाळी सातला कंपनीतच लागते आणि लोक घाण बाथरूममुळे घरापर्यंत दाबून नेतात. ते करू नका, दाबलं की तो धक्का निघून जातो, मग दिवसभर नाही.

इसबगोल घ्यायचं तर पूर्ण ग्लासभर पाण्यातून आणि वर अजून एक ग्लास. कमी पाण्यात घेतलं तर घशात किंवा आतड्यात गोळा होतो. रोजची जुलाबाची चूर्णं नकोत.

8. पाळी बदलतो तो दिवस

आठवडाभर केलेलं इथे एका दिवसात मातीत जातं. नाईट संपून फर्स्ट लागणार असेल तर शेवटच्या नाईटनंतर पूर्ण झोपू नका. नऊ ते साडेबारा एवढंच झोपा, एकला जेवा, संध्याकाळी सातला हलकं जेवून दहाला आडवे व्हा. फर्स्टवरून सेकंडला जाणं सोपं, सेकंडवरून नाईटलाही सोपं, कारण शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा जमतं. त्यामुळे तुमच्याकडे पाळी उलटी फिरत असेल, म्हणजे नाईटनंतर सेकंड आणि मग फर्स्ट, तर शेड्युल लावणाऱ्याला एकदा विचारून बघा. खर्च काही नाही त्यात.

भुसावळच्या रेल्वे रनिंग स्टाफसारखं (गाडीवर जाणारे ड्रायव्हर, गार्ड) ज्यांचं काहीच ठरलेलं नसतं, कॉल येईल तेव्हा जायचं, त्यांनी घड्याळ धरू नका, दोनच गोष्टी धरा: मोठं जेवण उजेडात किंवा रात्री नऊच्या आत, आणि रात्री बारा ते पाच शक्यतो काही नाही. बॅगेत फुटाणे आणि केळी कायम.

9. सुट्टीचा दिवस

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरते, आणि ती रात्री अकराला सुरू होऊन एकला पंगत बसते. जा. वांग्याचं भरीत सोडा असं मी कोणालाच सांगणार नाही. फक्त सातला घरी थोडं जेवून जा म्हणजे एकला चार भाकऱ्या जात नाहीत, आणि त्याच रात्री पेनकिलर आणि दारू दोन्ही नको.

10. गोळी सगळ्यात शेवटी

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर "सकाळी उपाशी पोटी" लिहिलेलं असतं आणि नाईटवाला ती सकाळी साडेसातला घेऊन झोपतो. ही गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात जेवण पडलं तरच तिचं काम नीट होतं. म्हणजे नाईटच्या आठवड्यात तुमची "सकाळ" अडीचला आहे: उठल्या उठल्या गोळी, तीन-सव्वातीनला जेवण. डॉक्टरांना तसं विचारून वेळ बदलून घ्या, आणि किती दिवस घ्यायची तेही विचारा, वर्षानुवर्षं मनाने चालू ठेवायची ती गोळी नाही.

फसफसणारा सोडा तेवढ्यापुरता. त्यात सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी रोज पिऊ नये. पाठदुखीची गोळी, डायक्लोफेनॅक वगैरे, उपाशी पोटी घेऊन रात्र काढणारे मी खूप बघितले, जठराला जखम होते त्याने. वहीत तीही लिहा आणि डॉक्टरांना सांगा, कारण लोक पोटाचा त्रास सांगताना पाठीची गोळी सांगायची विसरतात.

सेकंड शिफ्टवाल्यांचं राहिलं

तीन ते अकरा. बारा वाजता घरी, ताट झाकून ठेवलेलं, आई जागी. तिथे बसून पूर्ण जेवायचं आणि साडेबाराला झोपायचं, हे नाईटच्या डब्यापेक्षा वाईट. जेवण डब्यात न्या आणि साडेसात-आठच्या सुट्टीत संपवा. घरी आल्यावर कपभर दूध किंवा ताक, बस. आईला वाईट वाटतं, माझ्या आईला महिनाभर वाटलं, मग तिने सकाळी दहाचं जेवण मोठं करायला सुरुवात केली.

फर्स्टवाल्यांनी एवढंच करा की पहाटे पाचला नुसत्या चहावर निघू नका, भाकरीचा तुकडा किंवा केळं खाऊन निघा.

चार आठवड्यांनी, म्हणजे तिन्ही पाळ्या एकदा फिरून झाल्या की, परत सात दिवस लिहा आणि पहिल्या वहीशेजारी ठेवा. लाल गोल कमी झाले पण जळजळ तेवढीच असेल तर दोन्ही वह्या घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे जा. एच. पायलोरी नावाचा जंतू, अल्सर, पित्ताचे खडे यातलं काही असलं तर ते वेळापत्रकाने जात नाही, आणि वही बघून डॉक्टरांचंही अर्धं विचारायचं वाचतं.